कन्हारीवर घण

आईच्या माहेरच्या घरी स्वयंपाकघराचं दार पावसाळ्यात लागत नसे आणि उन्हाळ्यात लागलंच तर उघडत नसे. चौकट सागाची होती, सुतार हातचा चांगला होता. दोष असलाच तर घराखालच्या जमिनीचा होता. अड्याळपासून कोसभर आत असलेलं ते गाव सगळं काळ्या मातीवर वसलेलं, आणि ती माती एका जागी स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. पाऊस पडला की फुगायची आणि भिंतीसकट चौकट उचलायची. ऊन तापलं की आकसायची आणि तीच चौकट तिरकी करून खाली सोडायची. भिंतीला दर साली नव्या भेगा पडत. आई शेणमातीचा गोळा घेऊन त्या बुजवायची आणि बुजवताना भिंतीशी भांडायची, "मागच्या साली इथी होती ना व तू, आता तिकडे काहून गेली?" भिंतीशी बोलणारी आई मी तोवर पाहिली नव्हती. चिखल्याच्या खाणीच्या वस्तीत आमची खोली विटांची होती, तिच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं.

चिखल्याहून आम्ही त्या गावी आलो तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची असेन. बाबा मूळचे नाकाडोंगरीकडचे, पण तरुणपणीच खाणीत लागले आणि पुढची बावीस वर्षं डोक्याला दिवा बांधून जमिनीखाली उतरत राहिले. माणूस मोठा गमत्या. पाळीवरून आले की दारातूनच शीळ घालायचे, आणि अंगावरची मँगनीजची काळी भुकटी धुताना न्हाणीत गाणी म्हणायचे. मला तिथलं सगळं आवडायचं. पाळी बदलताना होणारा भोंगा, नळाचं पाणी, मैदानात पडदा बांधून दाखवलेले सिनेमे, आणि दुपारी खाली सुरुंग उडाला की कपातल्या चहावर उठणाऱ्या गोल गोल लाटा. माझी मैत्रीण सरिता आणि मी त्या लाटा मोजायचो. एका संध्याकाळी बाबा जेवता जेवता आईला म्हणाले, "बावीस सालं जमिनीच्या पोटात काढलो. आता दोन दिवस तिच्या पाठीवर बसून पाहाव मनतो." आईने पुढचं ऐकलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक भरायला घेतली. मला कुणी काही विचारलं नाही. त्या काळी मुलांना विचारायची पद्धत नव्हती, आणि आता मुलं आपल्याला विचारत नाहीत. मी दोन्ही टोकांना सापडले.

आईला भाऊ नव्हता. तिचे वडील, आमचे आबाजी, एकटेच होते आणि थकले होते. त्यांच्याकडे धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होती आणि दीड एकराचं एक कन्हारीचं वावर. आमच्याकडे जमिनीला नुसतं जमीन म्हणत नाहीत, तिची जात विचारतात. गोटाड म्हणजे दगडाळ ती बर्डी, हलकी ती खरडी, त्याहून बरी ती सिहार आणि मोरांड, आणि काळी, भारी, खोल असते ती कन्हार. आबाजींचं वावर पावसाळाभर रिकामं राहायचं आणि हिवाळ्यात हरभरा द्यायचं. एकदा पोटभर पाणी प्याली की ही माती पुढे तीन-चार महिने ते जपून वापरते. वरून एक थेंब न पडता हरभरा घाट्यावर येतो. ठरलं असं, की बाबांनी खाणीतून लांब रजा घ्यावी, आणि दिवाळी मागे पडल्यावर, रजा संपायच्या आत, त्या वावरात हरभरा पेरून दाखवावा. "पेरला तं वावर त्याचं," आबाजींनी आईला सांगितलं, "नाई पेरनं झालं तं त्याची खान हायेच." रजा संपून कामावर हजर व्हायचा दिवस सोमवार होता. त्या सोमवारी बाबा कामावर उभे राहिले नाहीत तर हजेरीतून नाव जाणार होतं.

हे सगळं आबाजींनी आईला सांगितलं, बाबांना नाही, कारण आबाजी जावयाशी बोलत नसत. भांडण नव्हतं काही. त्यांचं म्हणणं असं, की जावई हा मानाचा माणूस, त्याला सासऱ्याने तोंडावर शिकवलं तर त्याचा अपमान होतो. मग काही सांगायचं असलं की मध्ये कुणीतरी लागायचं. आधी आई होती, नंतर ते काम माझ्याकडे आलं. "शकुन, बापाले सांग, बैलाले आज पेंड दे." मी दहा पावलं चालून बाबांना सांगायची. बाबांनी ते तिथूनच ऐकलेलं असायचं, तरी ते मान डोलावून माझ्याकडून पुन्हा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सांग मामाजीले, देतो." मी पुन्हा दहा पावलं. आज मोबाइलवर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप पाठवणारी माझी नातवंडं पाहिली की मला माझ्या पायांची कीव येते.

आम्ही पोचलो तो भर उन्हाळा होता. वावर पाहायला गेलो तर सगळ्या जमिनीला भेगा पडलेल्या, काहींत माझा अख्खा हात खांद्यापर्यंत जायचा. वरची सुटी माती वाऱ्याने त्या भेगांत पडत होती. मी एकीत डोकावले आणि माझी एक चप्पल आत गेली. मी रडायला लागले तर आबाजी काठी टेकून हसत म्हणाले, "राहू दे. वरचं खाली नेते अन् खालचं वर आनते ही माती. सोता सोताले नांगरते. कोन्या साली येईन तुही चप्पल वर." ती अजून आलेली नाही. मग पावसाळा लागला आणि तीच भेगाळलेली जमीन फुगून लोण्यासारखी एकसंध झाली. अड्याळच्या शाळेत जाताना प्रत्येक पावलाला पायाला मातीचा थर चढायचा, दहा पावलांवर पाय उचलेना. काठीने खरवडायचं, पुन्हा दहा पावलं. वर्गात मी नेहमी प्रार्थनेनंतर पोचायची आणि मुली माझ्या पायांकडे बघून तोंडाला ओढणी लावायच्या.

घरात मात्र आई फुलली होती. तिने बोडीच्या, म्हणजे आबाजींच्या छोट्या तळ्याच्या, काठची काळी माती आणून रात्रभर भिजवली आणि सकाळी माझ्या आणि स्वतःच्या केसांना थापली. न्हाऊन आल्यावर केस इतके मऊ आणि सुटे झाले की वेणी राहीना. ओल्या मातीचा वास दिवसभर अंगाला यायचा. बाबाही आता वावरातून काळे होऊन यायचे आणि न्हाणीतून काळं पाणी वाहायचं. आई म्हणायची, "रंग तं काई बदलला नाई. निस्तं गाव बदलवलं तुमी." चुलीवर लाखोरीच्या डाळीचे वडे तळले जायचे, पाट्यावर जवसाची चटणी वाटली जायची, अंबाडीच्या भाजीत बोडीतले झिंगे पडायचे आणि त्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. चौथा वडा घेताना बाबा आईकडे बघत नसत, आबाजी मात्र त्यांच्या ताटाकडे बघून समाधानाने खाकरायचे. हे सगळं चांगलं आहे हे मला कळत होतं. तरी भोंग्याच्या वेळेला, भोंगा नसताना, मला जाग यायची. बाबांनाही यायची. आम्ही दोघं अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहायचो. ते काय विचार करायचे माहीत नाही, मी सरिताचा विचार करायची.

शेवटचा पाऊस पडून गेला आणि वावरातलं पाणी निथरलं. आता आबाजी रोज सकाळी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, येऊन उकिडवे बसायचे. चार बोटं खोलवरची माती काढायची, मुठीत दाबून तिचा लाडू करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. तळहाताला चिकटली तर अजून ओल जास्त. हाताला चिकटली नाही पण लाडू पडून तसाच बसला, तरी थांबायचं. पडल्यावर जो आपला आपण भुरभुरा फुटला, त्या दिवशी वाफसा आला, त्या दिवशी बैल जुंपायचे. वाफसा निघून गेला की पुन्हा नांगराचा फाळ शिरत नाही. म्हणजे या मातीची वेळ फार थोडी, अलीकडे चिखल आणि पलीकडे दगड. माझा नातू हल्ली वावरातली माती तपासायला देतो आणि नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेला कागद आणून मला वाचून दाखवतो. मी विचारते, यात वाफसा कुठे लिहिला आहे? तो म्हणतो, आजी, ते हातानेच बघावं लागतं. बरं झालं, म्हणजे माझं काम अजून शिल्लक आहे.

बाबांना शेतीतलं जे थोडं ठाऊक होतं ते नाकाडोंगरीच्या खरडीवरचं. तिथे पाणी टिकत नाही. पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी नांगर घालायचा, नाहीतर ओल पळून जाते. तेव्हा पाऊस उघडून तीन दिवस झाले तरी आपण स्वस्थ बसलो आहोत याने त्यांचा जीव खालीवर होत होता. त्यातच आई अड्याळला चुलत बहिणीच्या बाळंतपणाला गेली. त्या सकाळी आबाजींनी लाडू सोडला, तो थप्प करून बसला. त्यांनी मला हाक मारली. "जा, बापाले सांग, आज नको. चार रोज थांब मना. आता नांगरलं तं सारं वाया जाईन." मी निघाले. बाबा बैलांना जू चढवत शीळ घालत होते, आणि शिळेत नि घुंगरांच्या आवाजात त्यांना या वेळी काही ऐकू गेलं नव्हतं. मला पाहून त्यांनी विचारलं, "काय म्हनते मामाजी?"

दहा पावलांत मी काय विचार केला तो मला आजही शब्दन् शब्द आठवतो. सारं वाया जाईल, म्हणजे पेरणं होणार नाही. पेरणं झालं नाही, तर सोमवारी आपण चिखल्याला. मी हळू आवाजात म्हटलं, "काई नाई."

बाबांनी बैल हाकारले. नांगराच्या फाळाने मातीच्या लांब लांब चिरा उलटत गेल्या, ओल्या, चकचकीत, साबणाच्या वड्या कापाव्यात तशा. बाबांना ते इतकं आवडलं की नांगराच्या दर ओळीच्या शेवटी ते वळून मागे बघायचे. रस्त्याने जाणारे झिबलकाका, आमचे शेजारी, थबकले आणि ओरडले, "काय गा जवाई, विटा पाडून रायले का?" बाबांना वाटलं कौतुक करताहेत, त्यांनी हात हलवला. आबाजी घरी जाऊन ओट्यावर वावराकडे पाठ करून बसले. जावयाने आपला शब्द मोडला असं त्यांना वाटलं आणि मानाच्या माणसाला दुसऱ्यांदा सांगणं त्यांच्या पद्धतीत बसत नव्हतं. तीन दिवसांत बाबांनी दीड एकर उलटून काढलं. मग चार दिवस खणखणीत ऊन पडलं.

आई परतली ती आधी वावरावरच गेली. नारळाएवढी, काही ठिकाणी घागरीएवढी ढेकळं, इकडच्या धुऱ्यापासून तिकडच्या धुऱ्यापर्यंत. तिने त्यातल्या एकावर पायाने ठोकर मारली आणि स्वतःचा अंगठा धरून खाली बसली. "अवं माय! हे का करून ठेवलं तुमी?" बाबा मुळीच खचले नाहीत. "मँगनीज फोडलो बावीस साल," ते म्हणाले, "ही तं माती हाय." आणि त्यांनी घरी जाऊन ट्रंकेच्या तळातून खाणीतला घण काढला.

पुढचे दिवस गावाला फुकटचा तमाशा झाला. कन्हारीची वाळलेली ढेकळं घणाने फोडणारा माणूस त्या पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता. घण बसला की मोठ्या ढेकळाची चार लहान ढेकळं व्हायची, लहानाची आणखी लहान, पण माती काही व्हायची नाही. खाणीत फोडलेला दगड आकाराप्रमाणे वेगळा करतात. बाबांच्या हाताला तीच सवय. त्यांनी आई आणि मला कामाला लावून वावरात तीन ओळींत ढीग घातले, मोठ्यांचा, मधल्यांचा, बारक्यांचा. आम्ही टोपल्या भरून वाहायचो. झिबलकाका रोज सकाळी बिडी पेटवून धुऱ्यावर बसायचे आणि विचारायचे, "निंघालं का गा मँगनीज? मालगाडी बोलावू का?" बाया तळ्यावर जाताना वाकडी वाट करून आमच्या वावरावरून जायच्या. बाबाही पहिले दोन दिवस त्यांच्याबरोबर हसले. "निंघन निंघन, खाली लय माल हाय," म्हणायचे. पण तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या हाताला फोड आले आणि शीळ बंद झाली. न्हाणीतून नुसता पाण्याचा आवाज यायचा. खाणीतून थकून, भिजून, एकदा तर डोकं फुटून आलेले असतानाही मी त्यांना गप्प पाहिलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "सोमवारच्या गाडीनं निघू." आईने त्यांच्या ताटात वडा वाढला. त्यांनी तो बोटाने बाजूला सारला आणि हळूच म्हणाले, "मामाजीनं सारं पाहलं. एक शबद नाई बोलले. दुश्मन बी सांगते, बाबू, पुढे खड्डा हाय मनून." मला हवं होतं ते झालं होतं. सरिता, भोंगा, नळ, सगळं दोन दिवसांवर आलं होतं. पण त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली, की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि माठापाशी उभी राहून रडले.

रविवारी उजाडताच मी आबाजींच्या ओट्यावर गेले. ते तोंड धूत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चालले मनते तुमी उद्या. आपलं आयकत नाई तं आपन काय कराव?" मी म्हटलं, "आबाजी, मी बाबाले सांगतलंच नाई." त्यांनी तोंडातलं पाणी थुंकलं नाही, गिळलं. मग मी सगळं सांगून टाकलं, सरितापासून चहावरच्या लाटांपर्यंत. ते रागावतील म्हणून मी डोळे मिटून उभी होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि एवढंच म्हणाले, "चाल."

बाबा वावरात शेवटचं म्हणून घण घालतच होते. आबाजी धुऱ्यावर थांबले, मला पुढे ढकललं आणि मोठ्याने म्हणाले, "सांग तुह्या बापाले, का केली तू ते." मी सांगितलं. बाबांनी घण खाली ठेवला. "काहून व?" त्यांनी विचारलं. "मले चिखल्याले जायचं होतं," मी म्हटलं. त्यांनी तळहातावरची माती झटकली. मला वाटलं आता थप्पड बसेल, आणि बसली असती तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "हो. तुले कोनी इचारलंच नाई." मग मला म्हणाले, "मामाजीले सांग, मी त्यायच्यावर उगाच राग धरलो." मी वळले. आबाजी म्हणाले, "बापाले सांग, मी बी धरलो." मी पुन्हा वळले. "सांग त्यायले, हे ढेकलं आता फुटत नाई, लय उशीर झाला." "सांग त्याले, घनानं नाई फुटत, पान्यानं फुटते." मी रडत रडत मान इकडून तिकडे फिरवत होते आणि निरोप पोचवायला तोंड उघडेपर्यंत पुढचा यायचा. "कोनतं पानी? पाऊस तं गेला ना!" हे बाबा थेट आबाजींना म्हणाले. "माही बोडी का मेली?" आबाजी थेट बाबांना म्हणाले. आणि दोघंही चपापले. धुऱ्यावर बसलेल्या झिबलकाकांच्या हातातली बिडी विझली.

आबाजी खाली उतरले, बाबांच्या समोर जाऊन उभे राहिले. "चूक माही हाय, जवाईबापू," ते म्हणाले. "देवानं तोंड देल्लं मले, अन् मी पोरीच्या तोंडानं बोलत होतो."

आबाजींची ती बोडी वावराच्या वरच्या अंगाला होती. ते पाणी त्यांनी गव्हासाठी राखलं होतं. त्या दिवशी त्यांनी, बाबांनी आणि चेष्टा विसरून झिबलकाकांनीही पाट खणला. आधी सगळ्यांनी मिळून आमचे तीन ओळींचे ढीग मोडून वावरभर पसरले, कारण आबाजींना ते बघवत नव्हते. दुपारी पाणी सोडलं. जास्त नको, नुसतं दाखवायचं, आबाजी सांगत होते, आणि आता ते थेट सांगत होते; कितीतरी महिन्यांचं बोलणं साचलेलं, थांबेचनात. पाणी ढेकळांच्या बुडाशी पोचलं आणि आवाज सुरू झाला. आधी एक, मग दहा, मग सगळ्या वावरातून बारीक सूं सूं, तव्यावर पाण्याचा शिपका मारावा तशी. ढेकळाच्या आतली हवा बाहेर पडत होती. मी वाकून एकाकडे बघत राहिले. वरून एक पापुद्रा सुटला, मग कडेचा तुकडा, आणि बाबांच्या घणाला दाद न दिलेलं ते घागरीएवढं ढेकूळ हात न लावता बसकण मारून मातीचा ढीग झालं. बाबा गुडघ्यावर बसून तोंडावर हात ठेवून बघत होते. "अरे छोड ना," ते स्वतःशीच म्हणाले, "आन् मी पाच दिवस..." आणि हसायला लागले. आई हसली, आबाजी हसले, मीसुद्धा नाक पुसत हसले. कन्हार भिजून वाळली की घट्ट होते आणि वाळून भिजली की फुटते, हे मी त्यानंतर शंभर वेळा पाहिलं आहे आणि शंभरही वेळा थांबून पाहिलं आहे.

पण पाणी पाजलं म्हणजे वावर पुन्हा ओलं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता. वाफसा यायला चार-पाच दिवस लागणार. म्हणजे वखर चालेल की नाही, पेरणं साधेल की नाही, हे कळायच्या आत रजा संपणार. बाबांनी काहीच ठरवलं नाही. आईने ट्रंक भरली, वाटेत खायला भाकरी आणि चटणी बांधली. गाडी आमच्या वावराच्या कडेनेच जायची, म्हणून सकाळी आम्ही ट्रंक घेऊन धुऱ्याशी येऊन थांबलो. आबाजी काही बोलले नाहीत, पण या वेळी पाठ करून नाही, आमच्याजवळ उभे राहून बोलले नाहीत.

बाबांनी चप्पल काढली आणि वावरात चार पावलं आत गेले. खाली वाकून माती काढली, दाबली, लाडू केला. हातात धरून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तू पाह्य. तुले शिकवलं आबाजीनं." मी तो हातात घेतला. गार, जड गोळा होता, तळहाताला घट्ट चिकटला. मला वाटलं, म्हणावं, उद्या येईल. तेवढ्याने कदाचित ते थांबतील. पण वावराबद्दल बाबांशी दुसऱ्यांदा खोटं बोलण्यापेक्षा परत गेलेलं पुरवलं. "नाई आला बाबा," मी म्हटलं. "शुकरवारच्या आधी नाई येत. शुकरवारी बी येईनच असं नाई."

लांबून गाडीचा आवाज आला. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. "अन् तुले?" त्यांनी विचारलं, "तुले जायचं हाय का?" असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं आणि उत्तरासाठी थांबलं होतं. मी मान हलवली, नाही म्हणून. सरिताची आठवण आली, तरी नाही म्हणून.

गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडून ट्रंकेकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं जायचं?" बाबांनी आपला काळा हात वर केला. "कुठी नाई," ते म्हणाले, "पेरनी हाय आमची."

कंडक्टर काहीतरी पुटपुटला, घंटी वाजली, गाडी गेली. आबाजींनी उपरण्याने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की हातातला मातीचा लाडू खाली टाकायचंही मी विसरले. आई ट्रंकेवर बसली, तिने वाटेसाठी बांधलेलं फडकं सोडलं, आणि चिखल्यापर्यंत पुरतील एवढ्या भाकरी आम्ही चौघांनी तिथेच धुऱ्यावर बसून संपवल्या.